विश्लेषण : गाडीचा ‘रिकॉल’ माहूरच्या घाटापर्यंत का पोहोचत नाही?

रेणुकामाता, दत्तशिखर आणि अनसूयामाता या स्थानांमुळे माहूरला वर्षभर भाविकांची वर्दळ असते. गडावरचा रस्ता चढाचा आणि वळणांचा. तिथे ब्रेक, स्टिअरिंग किंवा क्लचमधला दोष थेट जिवावर बेततो. असा दोष कारखान्यातूनच आला असेल, तर गाडी परत मागवून तो मोफत दूर करणे ही कंपनीची जबाबदारी आहे. यासाठी देशात कायदाही आहे. मात्र जुनी जीप चालवणाऱ्यापर्यंत तो पोहोचतो का, हा खरा प्रश्न आहे.

रिकॉल म्हणजे नेमके काय?

ठरावीक काळात बनलेल्या गाड्यांमध्ये एकच दोष आढळला, की त्या सगळ्या गाड्या तपासणीसाठी बोलावणे म्हणजे रिकॉल. वॉरंटीत ग्राहक तक्रार घेऊन जातो, तर रिकॉलमध्ये कंपनीने ग्राहकाला शोधायचे असते. भारतात वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने जुलै २०१२ मध्ये त्यासाठी ऐच्छिक संहिता आणली. फेब्रुवारी २०२१ मध्ये महिंद्राने कॅमशाफ्टच्या तपासणीसाठी १,५७७ डिझेल ‘थार’ परत बोलावल्या. २०२२ च्या अखेरीस क्लचशी संबंधित रबरी भागासाठी ‘स्कॉर्पिओ-एन’ आणि ‘एक्सयूव्ही ७००’ मिळून १९ हजारांहून अधिक गाड्या बोलावण्यात आल्या. रिकॉल काढणारी कंपनी वाईट, असा समज चुकीचा आहे. दोष लपवणारी कंपनी अधिक धोकादायक असते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ‘११०-अ’ आले. रिकॉलची तरतूद १ एप्रिल २०२१ पासून लागू झाली. वाहनमालकांच्या ठरावीक प्रमाणातील तक्रारी, चाचणी संस्थेचा अहवाल किंवा अन्य माहितीच्या आधारे केंद्र सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकते. कंपनीने गाडी दुरुस्त करायची, बदलून द्यायची किंवा पैसे परत करायचे. सक्तीच्या रिकॉलमध्ये १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. कंपनीने स्वतःहून दोष कळवून रिकॉल सुरू केला, तर दंड माफ होतो. सक्तीचा रिकॉल सात वर्षांपर्यंतच्या वाहनांनाच लागू आहे.

रिसॉर्टमधल्या ‘एटीव्ही’चे काय?

पर्यटनस्थळी मातीत पळवायला मिळणाऱ्या जाड टायरच्या चारचाकींचा प्रश्न वेगळा आहे. केवळ बंदिस्त आवारात वापरासाठी बनवलेले विशेष वाहन कायद्याच्या ‘मोटार वाहन’ या व्याख्येतच बसत नाही. तिथे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा कामी येतो. त्यानुसार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण धोकादायक वस्तू परत मागवण्याचा आदेश देऊ शकते. अमेरिकेत पोलारिस कंपनीने २०१६ मध्ये आगीच्या धोक्यामुळे सुमारे १ लाख ३३ हजार ‘आरझेडआर’ वाहने परत बोलावली. दोषांची माहिती वेळेत न दिल्याच्या आरोपावरून २०१८ मध्ये तिला २.७२५ कोटी डॉलर भरावे लागले.

अडचण नेमकी कुठे?

रिकॉलची सूचना कंपनीच्या नोंदीतल्या मालकाला जाते. गाडी नांदेडच्या शोरूममधून निघून दोन-तीन हात बदलत माहूर-किनवटकडे आली, तर फोन पहिल्याच मालकाला जातो. नांदेड सुमारे सव्वाशे किलोमीटरवर. गाडीची देखभाल गावातल्या गॅरेजमध्ये होत राहते आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरशी संबंध तुटतो. त्यात सात वर्षांची अट. गाडी स्वस्त होऊन ग्रामीण भागात येते, त्याच सुमारास तिच्यावरचे हे संरक्षण संपते. भाड्याच्या जीपमध्ये बसलेल्या भाविकाला तर यातले काहीच कळायला मार्ग नसतो.

मग उपाय काय?

मालकाने आरसीवरचा १७ अक्षर-अंकांचा चासी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून किंवा सर्व्हिस सेंटरला फोन करून रिकॉल बाकी आहे का, ते पाहावे. जुनी गाडी घेताना ही चौकशी व्यवहाराआधी करावी आणि आपला मोबाइल नंबर कंपनीकडे नोंदवावा. दोष वारंवार येत असेल, तर परिवहन मंत्रालयाच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

मात्र सगळा भार मालकावर टाकून भागणार नाही. प्रवासी वाहनांना पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस तपासणी करावीच लागते. चासी नंबर आरटीओच्या संगणकावर असतोच. बाकी असलेला रिकॉल त्याच वेळी पडद्यावर दिसला आणि दुरुस्तीशिवाय प्रमाणपत्र मिळाले नाही, तर तिसऱ्या मालकाची गाडीही सुटणार नाही. मालकी हस्तांतराच्या वेळीही हेच करता येईल. अमेरिकेत ३५ हून अधिक गाड्या असलेल्या भाडे कंपन्यांना रिकॉल बाकी असलेली गाडी भाड्याने देण्यास २०१५ च्या कायद्याने मनाई केली. त्याआधी अशाच भाड्याच्या कारमध्ये दोन बहिणींचा जीव गेला होता. आपल्याकडे ही सुधारणा एखाद्या घाटातल्या अपघाताची वाट पाहत थांबू नये.