गेलेल्या दाढेच्या जागी काय?



मागच्या आठवड्याच्या टपालात एका भगिनीचे पत्र आले. पत्र लहान आहे, पण त्यातला प्रश्न पुष्कळ घरांचा आहे, म्हणून आजचे सदर त्यालाच दिले आहे.

त्या लिहितात, "माझे वय ३८. खालची उजवीकडची मोठी दाढ किडली होती, ती आठ महिन्यांपूर्वी काढली. तेव्हापासून डाव्या बाजूनेच खाते. तालुक्याचे दातांचे डॉक्टर म्हणतात, हाडात स्क्रू बसवून पक्की दाढ करून देतो, ३५ हजार लागतील. सोयाबीनचे पैसे हाती आले आहेत, पण मुलीची कॉलेजची फीही भरायची आहे. एवढे पैसे माझ्या एका दाढेवर घालणे शोभते का?" आणि पत्राच्या तळाशी एक ओळ आहे, "मिश्री लावते, दिवसातून दोनदा. ती चालेल ना?"

ताई, पैशाचे नंतर बोलू. आधी दाढ कोणती गेली ते पाहू, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो.

अक्कलदाढ गेली असेल, तर तिच्या जागी काहीच बसवायचे नसते. तिच्या पुढची, म्हणजे बाराव्या वर्षाच्या सुमारास येणारी दाढ गेली, तर चावण्याचे बळ थोडे कमी होते, पण बहुतेकांचे निभते. नेदरलँड्समधील दंतवैद्य आर्न्ड कायझर यांनी १९८१ साली असे मांडले, की मागच्या दाढा नसल्या तरी वर १० आणि खाली १० असे २० दात एकमेकांवर नीट टेकत असले, तर बहुतेक माणसांचे खाणे व्यवस्थित चालते. तेव्हा मागची एक दाढ गेली म्हणून घाबरून धावाधाव करण्याचे कारण नाही.

पण ताई, तुमच्या वर्णनावरून तुमची सहाव्या वर्षी येणारी पहिली मोठी दाढ गेलेली दिसते. चावण्याचे मोठे काम तिचे असते. तिची जागा रिकामी राहिली, की मागची दाढ हळूहळू पुढे कलते, आणि वरची दाढ टेकायला काही नसल्यामुळे खाली उतरू लागते. कललेल्या दाढेच्या फटीत अन्न अडकते आणि तीही किडते. एका खोपडीचा वासा काढला की शेजारचे वासे सरकतात, तसेच हे आहे. सगळ्यांचेच असे होते असे नाही, पण होऊ लागले की पुढचा इलाज अवघड होतो.

आता तुमच्यापुढे चार वाटा आहेत.

पहिली, जागा तशीच ठेवणे आणि दर सहा महिन्यांनी डॉक्टरांना दाखवणे. फारसा खर्च नाही, पण लक्ष ठेवावे लागते.

दुसरी, काढघालीची लहान कवळी. ही सर्वांत स्वस्त. रात्री काढून पाण्यात ठेवायची. कडक भाकरी चावताना ती थोडी हलते, पण शेजारचे दात सरकू नयेत म्हणून उपयोगी पडते.

तिसरी, पूल, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत ब्रिज. रिकाम्या जागेच्या पुढचा व मागचा असे दोन्ही दात घासून लहान करायचे, त्यांवर टोप्या चढवायच्या आणि मधली दाढ त्यांना जोडायची. ते दोन दात आधीच खूप भरलेले किंवा टोपीचे असतील, तर पूल हा शहाणपणाचा मार्ग आहे. ते धडधाकट असतील, तर एकासाठी दोन चांगले दात घासावे लागतात. आणि सगळ्यांत मागची दाढ गेली असेल, तर मागे आधारच नसतो, तेव्हा हा मार्ग सहसा बंदच होतो.

चौथी वाट तुमच्या डॉक्टरांनी सांगितली ती, इम्प्लांट. गावाकडे तिला स्क्रूचा दात म्हणतात. स्क्रू टायटॅनियम धातूचा असतो. स्वीडनमधील डॉक्टर ब्रोनेमार्क १९५२ साली सशाच्या पायाच्या हाडावर प्रयोग करत होते. त्यांच्या ध्यानात आले, की आत बसवलेली टायटॅनियमची नळी हाडाने अशी धरली आहे की ती निघत नाही. त्यातून पुढे १९६५ साली त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. आज हा इलाज गावाजवळ येऊन ठेपला आहे. नीट बसवलेले आणि निगा राखलेले शंभरातले नव्वदाहून अधिक स्क्रू दहा वर्षांनंतरही टिकलेले आढळतात. शेजारच्या दातांना हात लावावा लागत नाही, हा त्याचा मोठा गुण.

पण गोठ्यात नवा खुंट ठोकला, की माती घट्ट धरेपर्यंत आपण त्याला बैल बांधत नाही. इथेही तसेच. जागा बधिर करून स्क्रू बसवतात, मग हाड त्याला धरेपर्यंत साधारण तीन ते सहा महिने थांबतात आणि मगच वर दाढ चढवतात. दाढ काढल्यावर पहिल्या वर्षात तिथले हाड बरेच झिजते. फार झिजले असेल, तर आधी हाड भरून घ्यावे लागते आणि खर्च वाढतो. खालच्या जबड्यात आत मोठी नस असते, वरच्या दाढांच्या डोक्यावर नाकाशेजारची पोकळी असते. म्हणून नीट एक्स-रे काढून मोजमाप केल्याशिवाय कोणालाही स्क्रू बसवू देऊ नका.

आता तुमच्या त्या शेवटच्या ओळीकडे येतो. नाही ताई, मिश्री चालणार नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने हिरडी खराब होते, दाताचे मूळ उघडे पडते, आणि तोंडाच्या कर्करोगाचे भय असते ते वेगळेच. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे स्क्रू न धरण्याचे प्रमाण जास्त असते. गुटख्याने ज्यांचे तोंड पुरते उघडत नाही, त्यांच्या मागच्या दाढेपर्यंत हत्यारही पोचत नाही. मिश्री सोडल्याशिवाय ३५ हजार खर्च करणे म्हणजे फुटक्या पाटाने पाणी देणे होय. घरात कोणाला मधुमेह असेल, तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी आधी करा. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या किंवा हाडे ठिसूळ झाल्याची इंजेक्शने चालू असतील, तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा.

पैशाविषयी माझा सल्ला असा. व्याजाने पैसे काढून हा दात बसवू नये. मुलीची फी आधी भरा. तोवर लहान कवळी करून घ्या, म्हणजे शेजारचे दात जागेवर राहतील. मात्र "पुढच्या वर्षी बघू" असे म्हणत पाच वर्षे घालवू नका, कारण हाड आपल्यासाठी थांबत नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे सरकारी दंत महाविद्यालये आहेत. तिथे दाखवून दुसरे मत घेता येते, आणि कवळी व पूल यांचा खर्चही खासगीपेक्षा पुष्कळ कमी येतो.

डॉक्टरांना चार गोष्टी स्पष्ट विचारा. ३५ हजारांत एक्स-रे, स्क्रू आणि वरची दाढ सगळे आले का? हाड भरावे लागेल का? स्क्रू धरला नाही तर पुढे काय? आणि स्क्रूच्या कंपनीचे नाव व नंबर लिहिलेला कागद मिळेल का? तो कागद सातबाऱ्याबरोबर जपून ठेवा. उद्या दुसऱ्या डॉक्टरकडे जावे लागले, तर त्यावरूनच सुटा भाग मिळतो. आणि स्क्रूचा दात किडत नसला, तरी त्याच्या भोवतीची हिरडी सडते. घासणे चुकवून चालत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, शोभते का? बैल लंगडला तर पत्री मारायला आपण दिवस घालवत नाही, तिथे शोभण्याचा विचार कोणी करत नाही. घरातल्या बाईने मात्र एका बाजूने खात आठ महिने काढायचे! परवडते का, हा प्रश्न जरूर विचारा. शोभते का, हा प्रश्न विचारायचे कारणच नाही.

जाता जाता सर्वांनाच एक सांगणे. आपल्या सहा-सात वर्षांच्या मुलाचे तोंड आज उजेडात पाहा. दुधाच्या दातांच्या मागे नवी दाढ आलेली दिसेल. पुष्कळ आईबाप तिला दुधाची समजतात आणि किडली तरी "पडेल आणि नवी येईल" म्हणून सोडून देतात. ती पडून पुन्हा येणारी नाही. ताईंची गेली ती हीच दाढ. आज ती भरून घ्यायला थोडके पैसे लागतात. उद्या तिच्यासाठी सोयाबीनची पोती मोजावी लागतात.