केस गळतात तेव्हा: आधी कारण, मग उपचार

केसांविषयी विचारताना ज्येष्ठ मंडळी नेहमी शेवटी विचारतात. रक्तदाब मोजून झाला, साखरेचा कागद पाहून झाला, गोळ्या लिहून झाल्या, की दाराशी जाता जाता हळूच प्रश्न येतो, "डॉक्टर, केस फार गळतात हो. पण या वयात काय करायचंय म्हणा!" सोबत आलेली सून किंवा मुलगा हसतो आणि विषय तिथेच संपतो. तो तिथे संपू नये, म्हणून आजचा लेख.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. केसांची काळजी वाटणे यात कमीपणा नाही. आपल्याच महाराष्ट्रात विधवांचे केशवपन सक्तीने होत असे, आणि १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधवांनी एकत्र येऊन त्या कामाला नकार दिला होता. केस हिरावले जाणे म्हणजे सन्मान हिरावला जाणे, हे त्या काळच्या साध्या माणसांनाही उमगले होते. सत्तरीतल्या आजींना विरळ भांगाचे वाईट वाटत असेल, तर तो हट्ट समजू नये.

शेगावचा धडा

२०२४ च्या डिसेंबरअखेरीस बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातून विलक्षण बातम्या येऊ लागल्या. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतील माणसांचे केस अचानक हातात येऊ लागले आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडू लागले. त्यांत लहान मुलेही होती. आधी शांपूवर संशय गेला, मग पाण्यावर, मग बुरशीवर. जानेवारी २०२५ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक येऊन नमुने घेऊन गेले. विंचूदंशावरील संशोधनामुळे परिचित असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही स्वतंत्रपणे तपास केला. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम फार वाढलेले व जस्त कमी झालेले आढळले, आणि हे सेलेनियम रेशनच्या गव्हातून आले असावे, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. पुढे काही रुग्णांची नखेही गळाली.

या घटनेतून घरोघरी लागू पडणाऱ्या दोन गोष्टी शिकता येतात. पहिली, केस गळणे हे लक्षण आहे. त्यामागचे कारण डोक्याच्या त्वचेत असेल, रक्तात असेल किंवा ताटातही असेल. त्या गावांत कितीही महाग तेल लावले असते, तरी कारण तसेच राहिले असते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सेलेनियम शरीराला अत्यल्प प्रमाणात हवेच असते. प्रमाण ओलांडले की तेच केस गाळते. केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांत सेलेनियम असते. एक गोळी मुलीने आणलेली, दुसरी जाहिरात पाहून मागवलेली, तिसरी शक्तीची, अशा तीन डब्यांत तोच घटक तीनदा पोटात जात असेल, तर फायद्याऐवजी नुकसान पदरी पडते. घरातील सर्व डबे एकदा टेबलावर मांडा आणि त्यांवरील घटकांची यादी आपल्या डॉक्टरांना दाखवा.

किती गळणे हे नेहमीचे?

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि रोज पन्नास ते शंभर गळणे स्वाभाविक आहे. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. वयाबरोबर तो बारीक होतो, वाढीचा काळ आखूड होतो. पुरुषांत कपाळाचे कोपरे व टाळू, तर स्त्रियांत रजोनिवृत्तीनंतर भांगाची रेषा रुंद होते. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो.

याहून निराळा प्रकार म्हणजे अचानक मूठमूठ केस येणे. डेंग्यू, टायफॉइड, कोविड, मोठी शस्त्रक्रिया, घरातील मृत्यूचा धक्का यांनंतर दोन-तीन महिन्यांनी असे होते. मधल्या काळामुळे कारण लक्षात येत नाही आणि दोष नव्या शांपूला किंवा नळाच्या पाण्याला दिला जातो. ही गळती बहुधा काही महिन्यांत आपोआप थांबते आणि केस परत येतात.

थायरॉइडचा विकार, रक्तक्षय, लोहाची कमतरता, प्रथिनांचा अभाव ही कारणे ज्येष्ठांत वारंवार दिसतात. दात नसल्यामुळे केवळ चहा-बिस्किटांवर आणि मऊ भातावर राहणाऱ्या आजी-आजोबांच्या केसांचे औषध आधी कवळीत आणि वाटीभर घट्ट वरणात शोधावे लागते. रक्त पातळ करणारी, फिट्सवरील व रक्तदाबाची काही औषधेही केस गाळू शकतात. मात्र केसांसाठी अशी गोळी स्वतःहून बंद करू नये. पर्याय असेल तर डॉक्टर बदलून देतील.

पुढील लक्षणे दिसली तर थांबू नका. गोल चट्ट्यांत केस जाणे, म्हणजे चाई पडणे. त्वचा गुळगुळीत, चकाकती होऊन केसांची छिद्रेच नाहीशी होणे. खवले, पू किंवा वेदना असणे. पन्नाशीनंतर विंचरताना डोके दुखू लागले, कानशिलाजवळ ठणका लागला, चावताना जबडा दुखला किंवा दृष्टी अंधुक झाली, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज आल्यास दृष्टी जाण्याचा धोका असतो.

औषधांविषयी नेहमीचे प्रश्न

मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढताना दिसले आणि मग ते डोक्याला लावण्यासाठी वापरात आले. सुरुवातीच्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळतात. त्याने घाबरून जाऊ नये. फरक दिसायला किमान चार ते सहा महिने लागतात आणि औषध थांबवले की मिळालेला लाभ काही महिन्यांत ओसरतो. हृदयविकार असलेल्यांनी ते विचारल्याशिवाय वापरू नये. धडधड, चक्कर, पायांना सूज, छातीत दुखणे असे काही झाल्यास लगेच थांबवून डॉक्टरांना कळवावे. याच औषधाची गोळी एखाद्या शेजाऱ्याला लागू पडली म्हणून आपण घेऊ नये. ज्यांच्या घरी तान्हे नातवंड आहे त्यांनी एक काळजी घ्यावी: औषध लावल्यावर हात धुवावेत आणि बाळाचा चेहरा आपल्या ओल्या डोक्याला किंवा उशीला लागू देऊ नये. अशा संपर्कातून बाळांच्या अंगावर केस वाढल्याच्या नोंदी आहेत.

फिनास्टेराइड हे पुरुषांतील टकलावर आणि मोठ्या मात्रेत प्रोस्टेटच्या वाढीवरही दिले जाते. हे औषध घेत असताना प्रोस्टेटसाठीची पीएसए ही रक्ततपासणी काही महिन्यांनंतर जवळपास निम्मी दिसते. डॉक्टरांना औषधाची माहिती नसेल, तर वाढलेला आकडाही नेहमीसारखा वाटतो आणि कर्करोगाची शंका हुकते. केसांची गोळी 'खासगी बाब' म्हणून लपवू नये, ती याचसाठी. कामेच्छा कमी होणे, मन खिन्न होणे हे त्रास जाणवले तर मोकळेपणाने सांगावे. घरात गर्भवती असेल तर तिने फुटलेली गोळी हाताळू नये.

बायोटिनच्या गोळ्या आज सर्रास घेतल्या जातात. बायोटिनची खरी कमतरता क्वचितच असते. पण मोठ्या मात्रेतील बायोटिनमुळे काही रक्ततपासण्या चुकतात. थायरॉइडचे आकडे भलतेच येतात आणि हृदयविकाराच्या झटक्यात केली जाणारी ट्रोपोनिनची तपासणी खोटी कमी येऊ शकते. छातीत दुखते म्हणून मध्यरात्री रुग्णालयात नेलेल्या आजोबांच्या बाबतीत ही चूक किती महागात पडेल, याची कल्पना करा. काळजी घेणाऱ्यांनी औषधांच्या यादीत 'केसांची गोळी' अवश्य लिहावी.

तेलाविषयी थोडे. खोबरेल तेलाने केसाची दांडी मऊ राहते, तुटणे कमी होते. माका, जास्वंद घातलेल्या तेलाची मालिश सुखद असते. नव्या मुळांची निर्मिती मात्र तेलाने होत नाही. मार्च २०२५ मध्ये पंजाबातील संगरूर येथे टकलावरील मोफत शिबिरात डोक्याला तेल लावून घेतलेल्या साठाहून अधिक लोकांच्या डोळ्यांना तीव्र दाह झाला होता. घटक न सांगता लावले जाणारे तेल नाकारण्याचा अधिकार आपल्याला आहे. 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या पुडीतही बहुधा रासायनिक रंग असतो. खाज किंवा चेहऱ्यावर सूज आल्यास ती पुन्हा लावू नये.

केशरोपण करावे का?

हल्ली कामोठ्यात, खारघरला, पनवेलला जाहिराती दिसतात: 'एका दिवसात केस'. केशरोपणात नवे केस तयार होत नाहीत. डोक्याच्या मागच्या भागातील केस मुळांसह काढून पुढे लावतात. मागचा साठा मर्यादित असतो. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात, तीन-चार महिन्यांनी पुन्हा उगवू लागतात आणि पूर्ण परिणामाला नऊ महिने ते वर्ष लागते. मूळचे केस त्यानंतरही विरळ होत राहतात, म्हणून औषधे पुष्कळदा चालूच ठेवावी लागतात. सर्व डोक्यावर केस सारखे पातळ झालेल्या स्त्रियांना याचा उपयोग बहुधा कमी होतो, कारण मागचा भागही पातळच असतो. थायरॉइड किंवा रक्तक्षय अनियंत्रित असताना रोपण करणे व्यर्थ.

वय जास्त म्हणून केशरोपण होऊच शकत नाही, असे नाही. प्रकृती महत्त्वाची. ही शस्त्रक्रिया अनेक तास चालते, भूल डोक्याच्या त्वचेत दिली जाते आणि त्या औषधात बहुधा ॲड्रिनॅलिन असते. हृदयाचे रुग्ण, अनियंत्रित मधुमेह व रक्तदाब असलेले यांच्यासाठी हे साधे सौंदर्योपचार उरत नाहीत.

अडुसष्ट वर्षांचे एक काका माझ्याकडे आले होते. धाकट्या मुलीचे लग्न ठरले होते. केशरोपणाचे आगाऊ पैसे भरून झाले होते आणि 'आठ दिवस आधी रक्त पातळ करणारी गोळी बंद करा' असे त्यांना फोनवर सांगण्यात आले होते. त्यांच्या हृदयात चार महिन्यांपूर्वी स्टेंट बसवलेला होता. सांगणाऱ्याने ते विचारले नव्हते आणि काकांनी सांगितले नव्हते. नव्या स्टेंटच्या काळात ही गोळी बंद केली, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन प्राणावर बेतू शकते. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोललो, त्यांनी स्पष्ट नकार दिला. काका खट्टू झाले. "पोरीच्या फोटोत असाच दिसणार मी," म्हणाले. लग्नात ते फेटा बांधून उभे राहिले, आणि त्यांच्या गोळ्या चुकल्या नाहीत. फोटो मला आवर्जून दाखवायला आणला होता.

मार्च २०१९ मध्ये मुंबईत चाळिशीतील एका व्यावसायिकाचा केशरोपणानंतर दोनच दिवसांत मृत्यू झाला. तीव्र ॲलर्जीचा धक्का हे कारण त्या वेळी समोर आले, आणि एकाच बैठकीत नऊ हजारांहून अधिक केसमुळे लावल्याचे वृत्त होते. अशा घटना विरळ आहेत. बहुतेक केशरोपणे सुखरूप पार पडतात. पण जिथे तातडीची मदत नाही तिथे विरळ घटनाही पुरेशी ठरते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. शस्त्रक्रियेचे रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनीच केशरोपण करावे, केवळ कार्यशाळा किंवा यूट्यूबवरील चित्रफिती पाहणे पुरेसे नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

पैसे भरण्यापूर्वी हे प्रश्न विचारा:

- शस्त्रक्रिया कोण करणार? त्यांची पदवी आणि वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक काय?
- ते पूर्ण वेळ उपस्थित राहतील का, की तंत्रज्ञ काम करतील?
- रक्ततपासण्या, ईसीजी आणि चालू औषधांची छाननी कोण करणार?
- श्वास अडकला, रक्तदाब घसरला तर प्राणवायू, इंजेक्शने आणि जवळचे रुग्णालय यांची सोय काय?
- एका बैठकीत किती ग्राफ्ट, आणि मागे किती साठा उरेल?

उत्तरे टाळली गेली किंवा 'आजच भरा, सवलत संपते' असे सांगितले गेले, तर नम्रपणे उठून या. केस उद्याही थांबतील.

काळजी घेणाऱ्यांसाठी

खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये कर्करोगाच्या उपचारांसाठी येणारी कुटुंबे आपल्या परिसरात राहतात. केमोथेरपीत केस साधारण दोन-तीन आठवड्यांत गळू लागतात आणि उपचार संपल्यावर काही महिन्यांत बहुधा परत येतात, कधी पोत बदलून. आईला हे आधीच सांगावे. केस आखूड कापून घ्यावेत, मऊ सुती स्कार्फ किंवा टोप तयार ठेवावा. उशीवरचे केस तिच्या नकळत झटकून टाकले तरी तिला ते कळतेच. त्यापेक्षा शेजारी बसून बोलावे.

इतरांनी सुरुवात साधी करावी. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, साखर आणि जेवणाची चौकशी यांपासून. नंतर त्वचारोगतज्ज्ञ. आपल्या कामोठ्यातच वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, दूर जाण्याची गरज नाही. जाताना सर्व गोळ्यांची पिशवी सोबत न्यावी, केसांच्या गोळ्यांसह.

आणि दाराशी जाता जाता विचारण्याचा तो प्रश्न, पुढच्या वेळी खुर्चीत बसल्या बसल्याच विचारावा. त्यासाठी वेळ आम्ही काढू.