मुक्या जनावराचे मूत्रपिंड

माणूस आजारी पडला म्हणजे निदान कुठे दुखते एवढे तरी सांगतो. गोठ्यातील गाय, दारातील कुत्रा किंवा चुलीपाशी निजलेले मांजर यांना ती सोय नाही. त्यातही मूत्रपिंडाचा विकार मोठा फसवा. जनावर जरा जास्त पाणी पिऊ लागते, वरचेवर लघवी करते, अंगाने उतरते. घरची माणसे ते वयावर किंवा उन्हाळ्यावर ढकलतात. मग एके दिवशी ते अन्न सोडते, ओकू लागते आणि पशुवैद्याकडे नेले जाते. तोपर्यंत पुष्कळदा वेळ टळून गेलेली असते.

हा केवळ धन्याचा निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. कुत्र्याच्या एकेका मूत्रपिंडात रक्त गाळणारे सुमारे 4 लाख सूक्ष्म घटक असतात, मांजराच्या मूत्रपिंडात सुमारे 2 लाख. त्यांतील नष्ट झालेला घटक पुन्हा निर्माण होत नाही. उरलेले त्याचा भार आपल्या अंगावर घेतात. त्यामुळे रक्तातील क्रिएटिनिन, ज्यावर आपल्याकडील बहुतेक निदान विसंबून असते, ते साधारणपणे पाऊण हिस्सा कार्यशक्ती गेल्यावरच मर्यादा ओलांडते. घर पाऊण जळाल्यावर वाजणारी ही घंटा आहे.

ती आधी वाजावी म्हणून आधुनिक विज्ञानाने मूत्रपिंडाकडे पाहण्याची अनेक साधने दिली आहेत. ध्वनिलहरींची तपासणी, म्हणजे सर्वपरिचित सोनोग्राफी, हे त्यांतील सर्वांत सुलभ साधन. मूत्रपिंड आक्रसले आहे की सुजले आहे, त्यात खडा आहे काय, मूत्राची वाट तुंबली आहे काय, हे ती जनावराला इजा न करता दाखविते. गाईच्या पोटातील भल्यामोठ्या कोठीमुळे डावे मूत्रपिंड उजवीकडे रेटले गेलेले असते. ते गुदमार्गातून पाहावे लागते, तर उजवे कुशीवरून दिसते. मुतखड्याने लघवी अडलेल्या बैलाचे मूत्राशय फुटण्यापूर्वी ही तपासणी झाली, तर शेतकऱ्याचे मोठे नुकसान टळू शकते.

परंतु आकार दिसणे आणि कार्य कळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. चित्रात सुबक दिसणारे मूत्रपिंड कामात दुबळे असू शकते आणि खडबडीत दिसणारे बऱ्यापैकी काम करीत असू शकते. डॉप्लर पद्धतीने रक्तप्रवाहाला होणारा अडथळा मोजता येतो. पण तोही गाळणशक्तीचा अप्रत्यक्ष पुरावाच होय. प्रत्यक्ष कार्य चित्रातून मोजण्याची पद्धत वेगळी आहे. टेक्नेशियम-99एम या किरणोत्सारी द्रव्याशी जोडलेले डीटीपीए नावाचे औषध शिरेतून देतात. मूत्रपिंड ते गाळून घेते, आणि पहिल्या काही मिनिटांत कोणत्या मूत्रपिंडाने किती द्रव्य उचलले हे गॅमा कॅमेरा टिपतो. या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की डाव्या-उजव्याचा हिशेब वेगवेगळा मिळतो. एक मूत्रपिंड काढून टाकण्याची वेळ आली, तर दुसरे संसार सांभाळील काय, याचे उत्तर रक्ततपासणीतून मिळत नाही, येथे मिळते. या द्रव्याची शक्ती दर 6 तासांनी निम्मी होते. म्हणून काही काळ जनावर वेगळे ठेवावे लागते.

येथे एक रोखठोक प्रश्न विचारला जाईल. जेथे गरीब माणसाला डायलिसिससाठी खेपा घालाव्या लागतात, तेथे कुत्र्यामांजरांच्या मूत्रपिंडांचे हे कौतुक कशासाठी? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर इतिहासाने दिले आहे. मार्च 2007 मध्ये अमेरिकेत मूत्रपिंडे निकामी होऊन कुत्री-मांजरे मरू लागल्यावर त्यांचे खाद्य बाजारातून मागे घ्यावे लागले. चीनमधून आलेल्या गव्हाच्या प्रथिनात मेलामाइन मिसळलेले होते. त्याचे स्फटिक मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांत अडकत होते. पुढच्याच वर्षी, 2008 मध्ये, तेच मेलामाइन चीनमधील अर्भकांच्या दुधाच्या भुकटीत सापडले. सुमारे 3 लाख बालके बाधित झाली, 6 दगावली, आणि त्यांच्या मूत्रपिंडांतील खडे शोधण्यासाठी सोनोग्राफीचाच आधार घ्यावा लागला. जनावरांनी एक वर्ष आधी इशारा दिला होता; माणसाने तो पुरता ऐकला नाही. ही भेसळ खपली तरी कशी? खाद्यातील प्रथिने मोजण्याच्या रूढ कसोटीत प्रत्यक्षात नत्र मोजला जात होता, आणि मेलामाइनमध्ये नत्र भरपूर. जे मोजायचे ते न मोजता भलतेच मोजले की काय अनर्थ होतो, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

हा धडा केवळ परदेशचा नाही. आपल्या किनारपट्टीवर पावसाळा आला की लेप्टोस्पायरोसिसचे भय येते. उंदरांच्या मूत्रातून पसरणारे हे जंतू मूत्रपिंडात घर करतात. कुत्रे, गुरे, डुकरे आणि चिखलात अनवाणी राबणारा शेतकरी यांत ते भेद करीत नाहीत. भर पावसात एखाद्या वाड्यावरील कुत्र्याचे मूत्रपिंड अचानक सुजलेले आढळले, तर ती त्या वाड्यातील माणसांनाही वेळीच मिळालेली सूचना ठरू शकते. सोनोग्राफी एकटी या रोगाचे नाव सांगू शकत नाही. पण पुढील तपासणीकडे बोट दाखवू शकते, आणि लवकर उपचार झाले तर ते मूत्रपिंड पुष्कळदा सावरते.

म्हणून शासनाकडे आमच्या मागण्या माफक आहेत. प्रत्येक तालुक्याच्या पशुचिकित्सालयात सोनोग्राफीचे यंत्र असावे. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे ते चालविणारा प्रशिक्षित पशुवैद्य असावा. यंत्राच्या चित्राला रक्ताची व लघवीची तपासणी यांची जोड सक्तीची असावी. गॅमा कॅमेरा तालुक्यातालुक्यांत नेण्याचा हट्ट आम्ही धरणार नाही. तशी सोय राज्यात एके ठिकाणी, वा शेजारी राज्याच्या सहकार्याने झाली तरी पुरे. तोपर्यंत आयोहेक्झॉलचे इंजेक्शन देऊन ठरावीक वेळाने रक्ताचे नमुने घेण्याची पद्धत आहे. तिने दोन्ही मूत्रपिंडांची एकत्रित गाळणशक्ती कॅमेऱ्याविना मोजता येते. आणि एकाच भागात मूत्रपिंडाचे अनेक रुग्ण-जनावर आढळले, तर ती वार्ता त्याच दिवशी आरोग्य खात्याच्या टेबलावर पोचली पाहिजे.

हे अशक्य नाही. रेबीजच्या बाबतीत पशुवैद्यक आणि मानवी आरोग्य यांचा हात एकमेकांच्या हातात पडला, तेव्हाच गोव्याला 2021 मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित करता आले. त्याच सहकार्याचा हा पुढचा टप्पा ठरावा. यंत्राच्या उद्घाटनाची फीत कापणारे हात आपल्याकडे पुष्कळ आहेत. ते यंत्र रोज वापरणारे हात आधी घडवावेत, एवढेच आमचे सांगणे आहे.