विश्लेषण : वाशिमच्या शाळांना विजेवरची स्कूल बस परवडेल का?

विजेवरच्या बसला डिझेल लागत नाही, धूर नाही, आवाजही कमी. त्यामुळे शाळेची पिवळी बस विजेवर गेली तर खर्च घटेल, असा सर्वसाधारण समज आहे. वाशिम जिल्ह्यात मात्र स्कूल बस दिवसातून दोनदाच धावते, रात्री बहुतेकदा चालकाच्या गावात उभी राहते आणि तिचा सारा खर्च शेवटी पालकांच्या खिशातून निघतो. म्हणून हा हिशेब शहरापेक्षा वेगळा मांडावा लागतो.

इंधनाचे किती पैसे वाचतात?

समजा, तीस मुलांची एक बस रोज ८० किमी धावते आणि वर्षात २२० दिवस शाळा भरते. एकूण १७,६०० किमी झाले. डिझेल बसचा अॅव्हरेज लिटरला ६ किमी आणि डिझेल ९० रुपये धरले, तर वर्षाचा खर्च सुमारे २ लाख ६४ हजार रुपये, म्हणजे किलोमीटरला १५ रुपये. विजेवरची मध्यम आकाराची बस किलोमीटरला ०.८ युनिट घेते असे धरू. चार्जिंगमधील गळती मिळवून वर्षाला साधारण १५,५०० युनिट लागतील. शाळेच्या मीटरवर वीज ९ रुपयांनी पडली, तर खर्च सुमारे १ लाख ४० हजार. बचत झाली सव्वा लाखाची.

हीच बस सार्वजनिक जलद चार्जरवर २० रुपये युनिटने चार्ज केली, तर बिल ३ लाख १० हजारांवर जाते. म्हणजे डिझेलपेक्षाही जास्त! या उदाहरणात वीज १७ रुपये युनिटपेक्षा महाग झाली की बचत संपते. स्वतःचा चार्जर नसेल, तर पुढचा विचारच करू नये.

जादा किंमत कधी भरून निघते?

खरी अडचण इथे आहे. विजेवरच्या बसची किंमत डिझेल बसपेक्षा बरीच जास्त असते. जीएसटी ५ टक्केच असला तरी बॅटरीमुळे हा फरक राहतो. हा फरक ४० लाख रुपये धरला, तर वर्षाला सव्वा लाख वाचवून तो भरून निघायला ३२ वर्षे लागतील. तेवढे कोणत्याही बसचे आयुष्य नसते. ऑइल, फिल्टर, क्लच यांचा खर्च वाचतो हे खरे, पण त्याने हे गणित उलटत नाही.

या ४० लाखांचे सात वर्षांचे कर्ज १० टक्के व्याजाने काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ६६ हजार रुपये. इंधनाची बचत वजा करून तो तीस मुलांत वाटला, तर प्रत्येक मुलामागे महिन्याला १,८०० रुपयांहून अधिक वाढ. सोयाबीनच्या भावावर घर चालवणाऱ्या कुटुंबाला ती पेलणार नाही. अशा वेळी लांबच्या गावातील मुलींची शाळा सर्वात आधी धोक्यात येते.

चार्जिंग कुठे आणि कधी करायचे?

रोजच्या ८० किमीसाठी सुमारे ७० युनिट लागतात. साडेसात किलोवॉटच्या चार्जरवर त्याला साडेनऊ तास, तर ३० किलोवॉटच्या चार्जरवर अडीच तासांच्या आत. मोठ्या चार्जरला थ्री फेज जोडणी आणि वाढीव मंजूर भार लागतो. शेतातल्या कृषी फीडरवर थ्री फेज वीज ठरावीक तासच मिळते, त्यामुळे चालकाच्या शेतात किंवा गोठ्याशेजारी बस उभी करून काम भागणार नाही.

सोयीची वेळ आहे दुपारची. सकाळची फेरी संपली की शाळा सुटेपर्यंत बस आवारातच उभी असते. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार सौर तासांतला वीजदर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी असायला हवा. शाळेच्या छतावर सौर पॅनेल असतील तर आणखी फायदा. ७० युनिटसाठी साधारण १७ ते १८ किलोवॉटचा संच लागतो. मात्र रात्री बस गावात मुक्कामी असेल, तर परतीची आणि सकाळची फेरी मिळून पुरेल एवढी बॅटरी दुपारीच भरलेली हवी.

उन्हाळ्यात बस साथ देईल का?

शंभर युनिटच्या बॅटरीवर कागदावर १२५ किमी अंतर निघते, पण २० टक्के बॅटरी राखीव ठेवली तर १०० किमीच धरावे. एसी लावला, रस्ता खराब असला की ते आणखी घटते. विदर्भातील शाळा मे महिन्यात बंद असतात आणि जूनमध्येही उर्वरित राज्यापेक्षा उशिरा उघडतात, हा एक दिलासा. तरी मार्च-एप्रिलच्या उन्हात बसला सावलीची शेड हवीच.

सरकारी मदत मिळते का?

केंद्राच्या 'पीएम ई-बस सेवा' आणि 'पीएम ई-ड्राइव्ह' या योजनांतील बस शहरांतील सार्वजनिक वाहतुकीसाठी आहेत. वाशिमसारख्या छोट्या शहरातील शाळा त्यांत बसत नाही. राज्याचे २०२५ चे ई-वाहन धोरण ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. त्यात बसच्या किमतीत सवलत तसेच मोटार वाहन कर व नोंदणी शुल्कात माफीची तरतूद आहे. आपली बस कोणत्या गटात मोडते, हे परिवहन कार्यालयाकडून खरेदीआधी लेखी घ्यावे. अमेरिकेतही विजेवरच्या स्कूल बस अनुदानाविना पसरल्या नाहीत. तिथे २०२१ च्या कायद्याने स्वच्छ स्कूल बससाठी ५ अब्ज डॉलरची तरतूद झाली.

मग व्यवहार्य वाट कोणती?

बस जितकी जास्त धावेल, तितकी जादा किंमत लवकर वसूल होते. तीच बस रोज २०० किमी, वर्षात ३०० दिवस धावली, तर वर्षाची बचत सव्वाचार लाखांवर जाते आणि ४० लाखांचा फरक व्याज सोडून साडेनऊ वर्षांत निघतो. एवढे धावणे शाळेच्या बसला शक्य नाही, एसटीला आहे. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बस एसटीच चालवते. १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर 'शिवाई' सुरू झाल्यापासून एसटीला विजेवरच्या बसचा अनुभवही आहे. आगारात चार्जर, सकाळ-संध्याकाळ विद्यार्थी फेऱ्या, मधल्या वेळेत चार्जिंग आणि प्रवासी वाहतूक, अशी सांगड घातली तर जिल्ह्यातील पहिली विजेवरची शालेय बस एसटी आगारातून सुटणे अधिक शहाणपणाचे ठरेल. मानव विकासच्या जुन्या बस बदलण्याची वेळ येईल, तेव्हा जिल्हा नियोजन समितीत हा प्रस्ताव मांडता येईल.

पालकांनी काय विचारावे?

राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते. शाळेने विजेवरची बस घ्यायची ठरवली, तर पालकांनी समितीत चार प्रश्न विचारावेत : चार्जर कोणाचा आणि युनिट कितीला? बॅटरीची हमी किती वर्षांची आणि किती किलोमीटरची? बिघाड झाल्यास दुरुस्ती वाशिमात होणार, की अकोला-नागपूरला? आणि तोवर मुलांना आणणार कोण? याची उत्तरे लेखी मिळाली, तरच शुल्कवाढीवर बोलावे.