पेटवायचं कुठलं इंजिन?

छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात एक खरंखुरं वाफेचं इंजिन पुन्हा पेटलं पाहिजे, अशी मागणी मराठवाड्याने आता मोठ्याने करायला हवी. काचेच्या पेटीतलं मॉडेल नको, चौकातल्या चबुतऱ्यावर रंग फासून उभं केलेलं धूडही नको. कोळसा खाणारं, पाणी पिणारं, शिट्टी देऊन जागेवरून हलणारं इंजिन हवं. असं म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, पैसे कोण देणार? प्रश्न खरा आहे, पण त्याचा नंबर दुसरा. आधी ठरवायचं ते हे की पेटवायचं कुठलं इंजिन. तिथे घोळ झाला तर पैसे मिळूनही हाती गंजच लागतो.

आपल्या भागाची रेल्वे मीटरगेजची. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या कारकिर्दीत हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे बांधली गेली आणि १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने हैदराबाद मनमाडला जोडलं गेलं. तीच वर्षं भीषण दुष्काळाची होती. पुढे नव्वदेक वर्षं रोटेगाव, लासूर, दौलताबाद, करमाड, बदनापूर, जालना, परतूर, सेलू, परभणी, पूर्णा ही सगळी गावं एक मीटर रुंदीच्या त्या रुळांवर जगली. कापूस या रुळांवरून बाहेर गेला. १९५० साली डॉ. आंबेडकरांच्या संस्थेने सुरू केलेल्या महाविद्यालयात शिकायला खेड्यापाड्यांतली पोरं या रुळांवरून शहरात आली. मनमाड–काचीगुडा अजंता एक्स्प्रेसची तर देशभर ख्याती होती. १९६७ साली ताशी ४२.५ किलोमीटर सरासरी वेगाची ही गाडी देशातल्या मीटरगेजवरची सर्वांत वेगवान वाफेची गाडी म्हणून ओळखली जात होती. आज त्याच वाटेवरून वंदे भारत जाते, तेव्हा हा आकडा वाचून हसू येतं. येऊ द्या. पण मराठवाड्याची गाडी देशात पहिली होती, हे आपल्याच पोरांना माहीत नाही, याचं हसू येत नाही.

हा मीटरगेज घालवण्यासाठी आपणच लढलो, हेही विसरून चालणार नाही. मनमाडला गाडी बदला, माल उतरवा, दुसऱ्या डब्यात भरा, या जाचाने मराठवाड्याचा व्यापार आणि उद्योग दोन्ही खुंटले होते. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने रुंद रुळांची मागणी वर्षानुवर्षं लावून धरली आणि १९९०च्या दशकात ती पूर्ण झाली. ती लढाई शंभर टक्के बरोबर होती. फक्त जिंकल्यावर आपण मागे वळून पाहिलं नाही. रूळ उखडले गेले, शेड ओस पडल्या, आणि या मार्गावर चालतं म्हणावं असं एकही इंजिन राहिलं नाही. ज्यांनी रुंद रूळ मागून आणले, त्यांना दोन किलोमीटर अरुंद रूळ मागणं जड जाऊ नये.

आता निवडीकडे. सगळ्यात मोठा मोह डब्ल्यूपीचा आहे. गोल नाकाचं, कपाळावर तारा मिरवणारं हे ब्रॉडगेजचं इंजिन सिनेमात आणि पोस्टरवर सगळ्यांनी पाहिलेलं. शिवाय आजच्या १६७६ मिलिमीटर रुळांवर ते तसंच धावेल, नवा रूळ टाकायला नको. सोय म्हणून ही कल्पना चांगली, निवड म्हणून चुकीची. वाफेच्या काळात आपल्या मार्गावर ब्रॉडगेज नव्हताच, मग डब्ल्यूपी धावणार कुठून? हरियाणातल्या रेवाडीच्या शेडने ही इंजिनं जिवंत ठेवली आहेत आणि ते काम रेवाडी उत्तम करते. आपण त्यांची नक्कल करून काय मिळवणार? ज्या इंजिनाकडे बोट दाखवून लासूरचा म्हातारा ‘हेच’ म्हणणार नाही, ते इंजिन आपलं नव्हे.

दुसरा मोह त्याहून वाईट, तो वेषांतराचा. गुजरातेत एकतानगर–अहमदाबाद मार्गावर २०२३ साली वारसा गाडी सुरू झाली. तिचं इंजिन बाहेरून वाफेचं दिसतं, चालतं विजेवर. पर्यटकांची करमणूक होत असेल, त्याबद्दल तक्रार नाही. पण असा देखावा इथे आणून त्याला कोणी वारसा म्हणणार असेल, तर आधीच सांगून ठेवतो, आम्हाला तो नको.

महाराष्ट्रात प्रत्येक भागाचं इंजिन वेगळं आहे. माथेरानचं वळणं घेत डोंगर चढणारं छोटं इंजिन १९०७ सालचं. यवतमाळ–मूर्तिजापूर शकुंतलेचं मँचेस्टरमध्ये १९२१ साली घडलेलं इंजिन १९९४पर्यंत राबत होतं. बार्शी लाइटची नॅरोगेज मिरज ते लातूर पसरली होती. २०१६च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाणी घेऊन जलदूत आली ती याच जुन्या वाटेवरून, रूळ तेवढे रुंद झालेले. नागपूरकरांनी मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय २००२ सालीच उभं केलं. त्या त्या भागाने आपापलं सांभाळावं. आपल्या वाट्याला वायपी आणि वायजी येतात.

वायपी सवारी गाडीचं, वायजी मालगाडीचं. दोन्ही स्वातंत्र्यानंतरची. वायपी एकूण ८७१ झाली, वायजी हजारावर. सुरुवातीची परदेशातून आली, नंतर जमशेदपूरच्या टेल्कोत बनू लागली. चित्तरंजनच्या कारखान्यातून १९७२ साली जे शेवटचं वाफेचं इंजिन बाहेर पडलं, ते वायजीच होतं. ‘निजामाच्या आठवणी कशाला उगाळायच्या?’ असं विचारणारे निघतील, त्यांच्यासाठी हा तपशील. रूळ निजामाच्या काळातले असतील, पण हे इंजिन स्वतंत्र भारताच्या कामगारांनी घडवलं आणि मराठवाड्याच्या कामगारांनी चालवलं. त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही.

दोघांतलं कुठलं? मन वायपीकडे ओढतं, कारण अजंता तिची. साडेचार फुटी चाकं, लांब देखणा बांधा, फोटोला उठून दिसते. पण माझं मत वायजीला. तिची चाकं चार फुटांची, म्हणजे वेग कमी आणि ओढ जास्त. आपल्याला दीड-दोन किलोमीटरवर सावकाश धावायचं आहे, विक्रम मोडायचा नाही. शिवाय माल ओढणाऱ्या इंजिनाचा मान कोणी ठेवत नाही, तो एकदा आपण ठेवावा.

मात्र हे मत मी बॉयलर तपासनिसापुढे क्षणात मागे घेईन. शेवटचा शब्द बॉयलरचा. मोटारीच्या टायरमध्ये आपण तीस-बत्तीस पौंड हवा भरतो, या बॉयलरमध्ये दर चौरस इंचावर २१० पौंड दाबाची वाफ असते. चबुतऱ्यावरच्या इंजिनाला दर सव्वीस जानेवारीला काळा रंग मिळतो आणि आतून ते सडत राहतं. धुराड्याचं तोंड उघडं असतं, पाऊस थेट धुराच्या पेटीत पडतो, तिथली जुनी राख भिजून आम्लासारखी पत्रा खाते. आगपेटीच्या चहूबाजूंचे शेकडो स्टे-बोल्ट तुटलेत की शाबूत आहेत, नळ्यांच्या पाट्यांना चिरा आहेत का, तळाच्या रिंगच्या कोपऱ्यांत पत्रा किती उरला, हे बाहेरून कळत नाही. वरचं जुनं वेष्टन बहुधा ॲस्बेस्टॉसचं, ते उघड्या हातांनी काढायचं नाही. पितळी सामान तर जवळपास सगळीकडेच लंपास झालेलं: इंजेक्टर, पाण्याची काच, शिट्टी. हे सामान नव्याने ओतून घेता येईल. बॉयलर गेला असेल तर ते इंजिन सोडून पुढच्याकडे वळायचं, भले ते आपल्या गावातलं का असेना.

अमेरिकेतल्या युनियन पॅसिफिक रेल्वेने हेच केलं. जगातल्या सर्वांत अजस्र इंजिनांपैकी एक असलेल्या बिग बॉयच्या पंचवीस इंजिनांतली आठ उरली होती. त्यांतलं ४०१४ क्रमांकाचं निवडलं, कारण कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत त्याचं लोखंड टिकलं होतं. २०१९ साली ते स्वतःच्या वाफेवर धावलं. याच्या उलट ब्रिटनचं फ्लाइंग स्कॉट्समन. नाव इतकं मोठं की आतून काय निघेल याचा अंदाज न घेता लोक प्रेमात पडले. राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने २००४ साली ते विकत घेतलं, आणि ते पुन्हा धावायला २०१६ उजाडलं. दुरुस्तीचं बिल बेचाळीस लाख पौंडांच्या घरात गेलं. त्यांना ते परवडलं. आपल्याला अशी चूक एकदाही परवडणार नाही.

आपल्या बाजूने एक गोष्ट भक्कम आहे. वायपी आणि वायजी यांचा बॉयलर एकाच घडणीचा. म्हणजे एकीचा बॉयलर चांगला आणि दुसरीची चाकं चांगली असतील, तर दोघींतून एक चालतं इंजिन उभं राहू शकतं. शुद्धतावादी नाक मुरडतील. मुरडू द्या, मोठ्या दुरुस्तीच्या वेळी बॉयलरची अदलाबदल कारखान्यांत सर्रास व्हायची.

रूळ कुठे? माझ्या मते दौलताबादला, स्थानकालगत, मुख्य मार्गाला हात न लावता. वेरूळला आणि किल्ल्यावर जाणारे पर्यटक तिथून जवळ आहेत. अजिंठा-वेरूळ १९८३पासून जागतिक वारसा यादीत आहेत, लोक जगभरातून येतात आणि संध्याकाळी हॉटेलात बसून राहतात. इंदूरजवळ पातालपाणी–कालाकुंड हा मीटरगेजचा घाट रेल्वेने पर्यटनासाठी राखला आणि २०१८पासून तिथे वारसा गाडी चालवली. डिझेलवर का असेना, एक मीटरचा रूळ वाचवता येतो हे रेल्वेने स्वतःच दाखवून दिलं आहे. मग नांदेड विभागाकडे तेच मागताना आपण ओशाळायचं कशाला?

पाण्याचा आक्षेप येईल, आणि यायलाच हवा. टँकरच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला इंजिनाच्या पाण्याचं कौतुक सांगता येत नाही. म्हणून हे इंजिन पिण्याच्या पाण्यावर चालवायचं नाही. उद्योगांचं प्रक्रिया केलेलं पाणी मऊ करून वापरायचं, तेही ठरावीक दिवशी. तसंही आपलं जड पाणी थेट घातलं तर नळ्यांना क्षाराची पुटं चढतात आणि बॉयलर अकाली मरतो. धूर होईल, तो नाकारत नाही. एका इंजिनाच्या धुराने शहर गुदमरणार नाही, एवढं मात्र रोज जालना रोडवरून जाणारा कोणीही मान्य करेल.

आणि कौशल्य? ते आपल्यात आहे, फक्त विखुरलेलं आहे. वाळूज आणि चिकलठाण्याच्या वर्कशॉपमध्ये मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत धातू कातला जातो. पत्र्याची जाडी अल्ट्रासोनिक यंत्राने मोजणं तिथे रोजचं काम. मराठवाड्यातल्या साखर कारखान्यांत परीक्षा पास झालेले बॉयलर अटेंडंट दर हंगामात वाफ सांभाळतात. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या आणि आयटीआयतल्या पोरांना असा जिवंत धडा कुठल्या पुस्तकात मिळणार?

नाही ते एकच, वेळ. १९९२ साली पंचविशीत असलेला फायरमन आज साठीला टेकलाय. त्याला शिकवणारे ड्रायव्हर पंच्याहत्तरी ओलांडून गेलेत. पूर्णेच्या आणि मनमाडच्या रेल्वे वस्त्यांत अजून ही माणसं आहेत. आग पातळ आणि सारखी कशी पसरायची, चढ लागण्याआधी पाणी किती वर घ्यायचं, आगपेटीच्या छतावरचं पाणी हटलं तर शिशाचा प्लग वितळून काय होतं, हे त्यांच्या हातांत आहे, कागदावर फारसं नाही. वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेला १९५१ साली साध्या स्वयंसेवकांनी वाचवलं तेव्हाही जुन्या जाणत्यांनीच नव्यांना हाताला धरून शिकवलं. लोखंड आणखी दहा वर्षं थांबेल. ही माणसं थांबणार नाहीत.

तेव्हा उठा. निधीची वाट पाहत बसू नका, समिती नेमण्याची तर अजिबात नाही. पूर्णा, परभणी, जालना, मनमाडमधल्या निवृत्त फिटर-फायरमनांची नावं महाविद्यालयातल्या पोरांनी घरोघर जाऊन लिहून काढावीत आणि त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करावं. दक्षिण मध्य रेल्वेकडे कुठली वायपी, कुठली वायजी कुठे उभी आहे याची यादी खासदारांनी मागावी, आणि आपण खासदारांच्या दारात उभं राहून ती मिळेपर्यंत हलू नये. यादी आली की उद्योजकांच्या संघटनांनी जाडी मोजायचं यंत्र आणि ते चालवणारा माणूस द्यावा, दर इंजिनामागे एक दिवस. मोजमापं जाहीर लावा, शहराच्या मध्यवर्ती बसस्थानकावर लावा, म्हणजे वशिल्याचं इंजिन पुढे सरकणार नाही. सर्वांत जाड पत्र्याच्या इंजिनाचा नंबर ठरला की मग रेल्वेकडे, सरकारकडे, कंपन्यांकडे पैसे मागायला जाऊ, आणि तेव्हा आपण भावना घेऊन नाही, मोजमापं घेऊन जाऊ.