नागावात लोकर कशाला?

मराठी समीक्षेची परिभाषा जरा उलटून पाहिली, तर तिच्यातले कितीतरी शब्द शिवणटिपणाच्या डब्यातून आलेले दिसतात. कथेची वीण घट्ट असते किंवा सैल पडते. कादंबरीला पोत असतो, आशयाला पदर असतात, कथानकाचे धागे एकमेकांत गुंततात आणि शेवटाकडे जुळतात किंवा उसवतात. 'ग्रंथ' हा शब्द गुंफण्याच्या, गाठ मारण्याच्या धातूवरून आला. 'सूत्र' म्हणजे तर सूतच. आणि ओवी ही ओवण्यावरून आली असे मानले जाते. आम्ही वर्गात हे शब्द दर वर्षी वापरतो आणि विद्यार्थी उत्तरपत्रिकेत ते आम्हाला इमानाने परत करतात. मात्र ज्या कामातून हे शब्द उचलले त्या कामाकडे, विशेषतः दोन सुया आणि लोकरीचा गुंडा यांच्याकडे, आपल्या साहित्यविचाराने गंभीरपणे पाहिल्याचे आमच्या वाचनात नाही. कथा-नाटकांत विणणारी स्त्री येते ती बहुधा खूण म्हणून: तिच्या हाती चिमुकला मोजा दिसला की वाचकाने काय ते ओळखावे. वीण कोणती, सुया किती नंबरच्या, ती ओळ मोजते आहे की मोजायची विसरली आहे, हे सांगण्याची गरज लेखकाला वाटत नाही. शिंपीकाम करणाऱ्या देविदास सौदागर यांच्या 'उसवण' या कादंबरीला २०२४ साली साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला, तेव्हा निदान एका शीर्षकाचा लक्षणार्थाआधी वाच्यार्थ घ्यावा लागला. शिवणकामाला असा लेखक लाभला. विणकाम अजून वाट पाहते आहे.

या लेखात आम्हाला त्या विणकामाबद्दल बोलायचे आहे, आणि तेही अशा गावाच्या आधाराने जिथे लोकरीचा प्रश्नच उद्भवू नये. नागाव हे अष्टागरातले गाव, अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आक्षीच्या पुढचे. मराठीच्या माणसाला हा रस्ता आक्षीच्या शिलालेखामुळे ठाऊक असतो. शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा हा लेख मराठीतला सर्वांत जुना कालोल्लेखित लेख असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. बाकीच्यांना तो समुद्रासाठी आणि सुरूच्या बनासाठी ठाऊक असतो. आमच्यापैकी एकीचे नागाव हे माहेर असल्याने दिवाळीच्या सुट्टीत आमचे तिकडे जाणे होते. तिथे नारळी-पोफळीच्या वाडीतल्या एका घराच्या पडवीत कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आळीतल्या सहा-सात जणी रोज विणायला बसतात.

शरदातले नागाव म्हणजे उकाडा. पाऊस सरलेला, भात कापणीला आलेले, अंगाला घामाची चिकटी. ऐन हिवाळ्यातही इथे पारा सहसा पंधराच्या खाली उतरत नाही. कोकणाला लोकर माहीत होती ती घोंगडीच्या रूपाने, आणि तीसुद्धा थंडीसाठी नव्हे, पावसासाठी. ती यायची देशावरून, धनगरांच्या मेंढ्यांच्या लोकरीची आणि सनगरांच्या मागावरची. दोन सुयांचे विणकाम तर आपल्याकडे रुजले ते इंग्रजी अमदानीत, मिशनऱ्यांच्या शाळा आणि मडमांच्या सहवासातून. लोकर आणि सुया दोन्ही नागावाला परक्याच. त्यात आज जिला आपण लोकर म्हणतो तिच्यात मेंढीचा अंश बहुधा नसतोच. ती अ‍ॅक्रिलिकची असते. पण दुकानदार लोकरच म्हणतो आणि भाषेत दुकानदाराचे चालते.

मग नागावात लोकर कशाला? सुट्टीला आलेला प्रत्येक जावई हा प्रश्न विचारतो आणि त्याला तयार उत्तर मिळते. नातू पुण्याला आहे, भाचा दिल्लीला, कुणाची सून टोरांटोला. डिसेंबरात पोचवायचे तर ऑक्टोबरात टाके घालायला हवेत. उत्तर खोटे नाही, पण ते पुरेसे आहे असे आम्हाला वाटत नाही, आणि देणाऱ्यांनाही वाटत नसावे. स्वेटर बाजारात मिळतो, हाती विणायला लागणाऱ्या लोकरीच्या किमतीत मिळतो, आणि टोरांटोच्या थंडीत हातच्या स्वेटरचे काही चालत नाही हे व्हिडिओ कॉलवर सगळ्यांना दिसते. उपयोग हा इथे परवाना आहे. 'नातवासाठी' म्हटले की संध्याकाळचे दोन तास कुणी हिशेबात धरत नाही.

त्या दोन तासांत काय चालते ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. आधी रंग. लेबलावर कारखान्याचा आकडा असतो, पडवीत त्याचे नामकरण होते: आमसुली, मोरपिशी, गुलबक्षी, श्रीखंडी. मग हवामानाशी तडजोड. घामट बोटांत लोकर अडते, सुईवरून सरकत नाही; म्हणून बैठक बसते ती दुपार कलून समुद्राचा वारा वाडीत शिरल्यावर. ज्यांना तरीही लोकर सोसत नाही त्या सुती दोरा आणि क्रोशाची सुई घेतात: साखळी, मुका खांब, खांब. ('मुका खांब' ही संज्ञा घडवणारीला परिभाषा कोशाच्या समितीवर घ्यायला हवे होते.)

आणि मग मोजणे. इथे आमच्या विषयाशी संबंध येतो. बायकांचे काम आणि गाणे यांचे नाते मराठीत फार जुने आहे. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओव्या गातात असा उल्लेख आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. दळणकांडणात हात एका लयीत फिरतात आणि तोंड मोकळे असते. विणकामाची मात्र ओवी झाली नाही. ते आपल्याकडे उशिरा आले हे एक कारण. पण आम्हाला दुसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. विणताना तोंड मोजण्यात गुंतलेले असते. दोन सुलट, दोन उलट, लोकर पुढे, दोनाचा एक. गाणे धरले की टाका निसटतो. त्यामुळे विणणाऱ्यांच्या पडवीत गाणे नसते. तिथे बोलणे असते, आणि तेही तुटक. सोपी ओळ असली की गप्पा वाहतात, नमुन्याची ओळ आली की एकदम शांतता पसरते, आणि ओळ संपली की सोडलेले वाक्य जिथल्या तिथून उचलले जाते. कुणाच्या तरी सासूचे आजारपण सतरा ओळींत सांगून होते. हे संभाषण कुणी ध्वनिमुद्रित करून अभ्यासले तर कथनशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यात बरेच सापडेल. ओळीला ओळच म्हणतात, हे तर आम्ही मुद्दाम सांगायलाही नको.

दुसरी गोष्ट 'हात'. 'तिचा हात घट्ट आहे', 'हिचा हात सैल' असे विणणाऱ्या म्हणतात. त्याच सुया, तीच लोकर, तितकेच टाके घेऊन दोघी विणायला बसल्या तरी दोन तुकडे एका मापाचे येत नाहीत. एकीने सोडलेला स्वेटर दुसरीने पुरा केला तर जोड कुठे आहे ते पडवीतल्या कुणालाही बोटाने दाखवता येते. शैली म्हणजे लेखकाने निवडलेले अलंकार की त्याला टाळता न येणारी ताणाची सवय, हा प्रश्न आम्ही वर्गात तासन् तास चघळतो. पडवीत त्याचा निकाल लागलेला आहे. तिथे आणखी एक सोय आहे, जी आमच्या अनेक लेखक-मित्रांना उपलब्ध नाही: गळलेला टाका विणणारीच्या आधी समोरचीला दिसतो. 'अगं वहिनी, तिसऱ्या ओळीत बघ' एवढेच ती म्हणते. वहिनी बघते, सुस्कारा सोडते आणि सहा ओळी उसवते. कुणी रुसत नाही. मराठीतल्या परीक्षणांनंतर जे होते ते आठवून आम्हाला या दृश्याचा हेवा वाटतो.

या आनंदाला स्वतःच्या नावाने उभे राहता येत नाही, त्याला कायम कशाचा तरी आधार घ्यावा लागतो, ही आमची तक्रार आहे. १९६२ साली यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याचे म्हटले गेले, त्या हिवाळ्यात देशभरातल्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर आणि मोजे विणले. तो आधार राष्ट्राचा होता. लग्नाच्या मांडवात रुखवतावर क्रोशाची तोरणे आणि रुमाल मांडले जात, तो आधार वधूच्या गुणवत्तेच्या दाखल्याचा होता. (आता रुखवत तयार विकत मिळते, दाखल्याची गरज मात्र संपलेली नाही, फक्त त्याचा प्रकार बदलला आहे.) ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणला, तेव्हा त्यामागे फार मोठा विचार होता, पण शाळेत 'कार्यानुभवा'च्या तासाला तो पोचेपर्यंत उरला तो मुलींचा विणकामाचा चौकोन आणि मुलांचा पुठ्ठ्याचा खोका, दोन्ही गुणांसाठी. आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या वर्गांत कौशल्याचे विषय आले आहेत, तेव्हा विणकामाला उद्या 'कौशल्य' म्हणून श्रेयांक मिळाले तर आश्चर्य वाटायला नको. आम्हाला त्याचा आनंद होणार नाही. मराठी साहित्य शिकून काय उपयोग, या प्रश्नाला आमचे विभाग सध्या अनुवाद, जाहिरात, सूत्रसंचालन अशी तयार उत्तरे देत आहेत. त्या उत्तरांत आणि 'नातवासाठी'त आम्हाला फरक दिसत नाही. दोन्ही परवानेच.

इथे कुणी आम्हाला अडवेल आणि ते योग्यच होईल. विणकामाला निव्वळ आनंद म्हणणे धोक्याचे आहे. मारिया मीस यांनी आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशाकाम करणाऱ्या बायकांवर १९८२ साली 'द लेस मेकर्स ऑफ नरसापूर' हे पुस्तक लिहिले. जगाच्या बाजारासाठी दिवसाचे कित्येक तास राबणाऱ्या या बायका 'घरी बसून फावल्या वेळात' काम करतात असे मानले गेले, आणि त्या मानण्यामुळेच त्यांना नगण्य मजुरी देता आली, हे त्यांनी दाखवले. 'फावला वेळ' हा शब्द कुणाच्या तोंडी आहे ते म्हणून पाहावे लागते. व्यापाऱ्याच्या तोंडी तो मजुरी कापण्याचा मार्ग असतो. नागावातल्या पडवीत एखादी काकू 'मला आता दोन तास उठवू नका' म्हणते तेव्हा त्याचा अर्थ अगदी वेगळा असतो. पुरुषांना हे सांगावे लागत नाही. पडवीपासून फार लांब नसलेल्या आक्षी-साखरच्या कोळीवाड्यात पुरुष जाळी दुरुस्त करत बसतात. सुई, दोरा, गाठ आणि माप तिथेही आहे आणि मराठीत क्रियापदही तेच, विणणे. पण त्याला कुणी छंद म्हणत नाही.

विणणाऱ्यांच्या मोठ्या संघटनाही आज आहेत. चेन्नईच्या 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स'ने जानेवारी २०१६ मध्ये ठिकठिकाणांहून आलेले चौकोन जोडून अकरा हजार चौरस मीटरहून मोठे क्रोशाचे पांघरूण केले आणि गिनेस बुकात नाव नोंदवले. हे कौतुकास्पदच आहे. आम्हाला मात्र विक्रमापेक्षा वह्यांमध्ये अधिक रस आहे.

कारण जवळजवळ प्रत्येक विणणारीकडे एक वही असते. शंभर पानी, पुठ्ठा सुटलेली, मासिकांतली कात्रणे चिकटवलेली. त्यात '२ सु., २ उ.' अशा संक्षेपांतले नमुने, आणि नमुन्याच्या डोक्यावर तो कुठून आला त्याची नोंद: 'ठाण्याच्या मावशींचा', 'बँकेतल्या बाईंचा', 'एस.टी.त पाहिलेला'. पुढच्या बाकावरच्या अनोळखी बाईच्या पाठीवरून नमुना वाचून घेणे ही या वाचकवर्गाची खास कला. एकच पानाफुलांची वीण तीन वह्यांत तीन तऱ्हांनी उतरलेली आम्ही पाहिली. एकीत सातव्या ओळीत दोन टाके कमी आहेत, आणि तिच्याकडून ज्यांनी नमुना घेतला त्या सर्वांकडे ते कमीच आहेत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हापासून आपण पाठभेदांची चर्चा करतो आहोत. इथे जिवंत पाठपरंपरा डोळ्यांसमोर आहे आणि तिला हस्तलिखित म्हणायचे कुणाच्या मनातही येत नाही. यातल्या एक काकू तर त्या कमी पडलेल्या टाक्यांना चूक मानायलाच तयार नाहीत. 'पुढच्या ओळीतही तसंच केलं की झाला नमुना,' असे त्यांचे म्हणणे.

या वह्या आता वेगाने रद्दीत चालल्या आहेत. नमुना यूट्यूबवर पाहून विणणाऱ्या मुलींना वही लागत नाही, आणि घर बदलताना सर्वांत आधी तीच निघते. जात्यावरच्या ओव्या जाते बंद पडता पडता गोळा झाल्या. इथे तेवढा तरी वेळ हाताशी आहे. मराठी विभागांनी लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेत एवढे करावे: एका विद्यार्थ्याने एका घरातली एक वही पानोपान मोबाइलवर टिपावी, नमुना कुणाकडून आला त्याची नोंद घ्यावी, संक्षेपांचा कोश करावा. यासाठी निधी लागत नाही, वहीच्या मालकिणीचा होकार लागतो, आणि तो सहज मिळत नाही. 'यात काय बघायचंय?' हा पहिला प्रश्न असतो. नागावातल्या चार वह्या आम्ही टिपल्या आहेत. पाचवीच्या मालकीण काकूंनी अट घातली की टिपणारीने त्यातले एक बाळाचे टोपडे आधी विणून दाखवावे. दहा नंबरच्या सुयांवर त्याचे टाके घालून झाले आहेत.