जिवा महाला कोठें आहे?

भिवंडीच्या निजामपुऱ्यांत शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठीं प्रतापगडच्या लढाईचा देखावा बसत आहे. त्याची तयारी आम्ही परवां समक्ष पाहिली. देखाव्यांतलीं पोरें बहुतेक यंत्रमागावर राबणारीं. पाळी सुटली कीं अंगावरचा कापूस झटकून येतात, पत्र्याच्या तलवारींना चंदेरी रंग देतात, पुठ्ठ्याच्या ढालींवर बाटल्यांचीं बुचें डकवितात. बारा तास उभें राहून आलेलीं हीं पोरें पुन्हां तासभर पट्टा फिरवितात, हें पाहून आम्हांस खरोखर कौतुक वाटलें.

परंतु देखावा बसविणाऱ्या शहाण्यांस आम्ही विचारलें, 'जिवा महाला कोठें आहे?' उत्तर मिळालें, 'गर्दी होते हो. महाराज आणि खान, दोघे पुरे.' वाहवा! १० नोव्हेंबर १६५९ रोजीं सय्यद बंडाचा वार ज्यानें वरच्यावर उडविला, ज्याच्यामुळें 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण घरोघर झाली, तो न्हाव्याचा वीर ह्यांच्या गाडीवर गर्दी करतो! महाराजांचा पोषाख मोठ्या वर्गणीदाराच्या चिरंजीवांस. आणि कोपऱ्यांत बसून सर्वांचीं तोंडें रंगवीत होता तो मुलगा कोण, तर नाभिकाचाच. आम्ही विचारलें, 'बाळ, तुझा पार्ट कोणता?' म्हणाला, 'काका, मला पार्ट नाय.'

खान व्हावयास कोणी तयार नव्हता. अखेर एका हमालाच्या पोराच्या गळ्यांत तें काम बांधलें. त्याला दाढी मात्र अशी निवडली कीं पाहणाऱ्यास विजापूर न आठवतां शेजारची गल्ली आठवावी! हा पोरखेळ नव्हे. ह्याच शहरांत ७ मे १९७० रोजीं शिवजयंतीच्याच मिरवणुकींत दंगल पेटली, माणसें मेलीं, न्यायमूर्ति मादन यांचा चौकशी आयोग बसला. त्या आगींत हात कोणाचे पोळले? मागवाल्यांचे कीं मिरवणुकीच्या पुढाऱ्यांचे?

महाराजांच्या दहा अंगरक्षकांत सिद्दी इब्राहीम होता. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर कुळकर्णी होता, आणि खंडोजी खोपड्यासारखे मराठे देशमुख खानास मिळाले होते. कान्होजी जेध्यांनीं वतनावर पाणी सोडून महाराजांची बाजू धरली, ती हीं सर्व मंडळी समोर दिसत असतां. लढाई दीन आणि धर्म यांची असती तर ही सरमिसळ झाली असती काय? मेलेल्या खानाची कबर आजही गडाच्या पायथ्याशीं आहे. वैर कोठें संपवावें हें महाराजांस समजत होतें, ह्या मंडळींस समजत नाहीं.

तेव्हां आमचें मागणें एवढेंच : रंग लावणाऱ्या त्या मुलाच्या हातीं पट्टा द्या, त्याच्या शेजारीं सिद्दी इब्राहीम उभा करा, आणि खानाच्या मागें कृष्णाजीपंत विसरूं नका. तीन पोषाख वाढतील. खर्च जड होत असेल, तर वर्गणीदारांच्या नांवांचा जो भला थोरला फलक रंगवायला टाकला आहे, तो दोन हात आखूड करा.